झॉम्बीपटाचा हिशोब

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या फिल्म क्लबने 'ट्रेन टू बुसान' हा धावत्या आगगाडीत घडणारा कोरियन झॉम्बीपट दाखवला आणि तुला तो आवडला. नंतरच्या चर्चेत एक जण म्हणाला, शेवटी नुसती रडारड आहे. दुसरा म्हणाला, झॉम्बीपटाला कथा लागतेच कुठे. तू परीक्षण लिहायला बसलास आणि 'अॅक्शन दमदार, अभिनय चांगला, ग्राफिक्स ठीक' याच्यापुढे पेन सरकेना. अशा सिनेमाची बलस्थानं आणि उणिवा ओळखायच्या तरी कशा?

मी चोवीस वर्षं संकलन करते आहे, म्हणजे चित्रित झालेले तुकडे कापून जोडायचं काम. मालिका केल्या, माहितीपट केले, सुरुवातीला घरभाडं भरायला लग्नांचे व्हिडिओही कापले, आणि एक झॉम्बीपट केला. तो तू पाहिलेला नसणार. तसा तो फारसा कुणीच पाहिला नाही. पण या जातीच्या सिनेमाबद्दल मला जे काही कळलं ते त्याच्या ट्रायलच्या दिवशी कळलं, आणि तेही माझ्या आत्याकडून.

आत्या बँकेत कॅशियर होती, एकतीस वर्षं. कोथरूडमधल्या एका छोट्या प्रीव्ह्यू थिएटरात आम्ही घरचीच माणसं गोळा केली होती. दिवे लागले, दिग्दर्शकाने विचारलं, "कसा वाटला?" सगळे म्हणाले छान, छान. आत्या म्हणाली, "भीती वाटली हो. पण जिन्यात नऊ जण होते, त्यातले सहा पडले. मग माडीवर अकरा कुठून आले?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण तो प्रसंग मी तीन आठवडे कापत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. घरी जाताना रिक्षात तिला परत विचारलं. ती म्हणाली, "अगं, जिन्यापर्यंत मी घट्ट धरून बसले होते. मनात म्हणत होते, तीन राहिले, तीन राहिले. अकरा दिसले आणि वाटलं, यांना काय, पाहिजे तेवढे आणता येतात. मग कशाला घाबरायचं?"

झॉम्बीपट तपासायला मला तेव्हापासून दुसरी कुठली फूटपट्टी लागलेली नाही. हा हिशोबाचा सिनेमा आहे. का, ते आपल्या भुतांशी ताडून बघ. मुंजा पिंपळावर असतो, हडळ पाणवठ्याजवळ, वेताळ गावाच्या वेशीवर. प्रत्येकाची जागा ठरलेली, गाऱ्हाणं ठरलेलं. मुंज होऊन लग्नाआधी गेला म्हणून मुंजा अडून बसतो. उतारा टाका, नारळ द्या, काहीतरी तोड निघते. झॉम्बीला, म्हणजे उठून माणसांना चावत सुटलेल्या मढ्याला, उतारा चालत नाही. त्याला काही मागायचं नाही, सांगायचं नाही, सूडसुद्धा घ्यायचा नाही. 'याला हवंय तरी काय' या प्रश्नावर भुताची गोष्ट तासभर चालते, तो प्रश्नच इथे नाही. उरतात ते आकडे. ते किती, आपण किती, दारं किती, काडतुसं किती, चावल्यापासून उलटेपर्यंत, म्हणजे माणसाचा झॉम्बी होईपर्यंत, वेळ किती. हे आकडे प्रेक्षकाच्या हाती दिले आणि इमानदारीने पाळले, की घाबरायचं काम प्रेक्षक स्वतःच करतो. एकदा का आकडे फिरवलेले कळले, की उरलेला सिनेमा नुसता आरडाओरडा.

जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' एकदा बघच. पिट्सबर्गच्या आसपास, सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झालेला सिनेमा. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलंय. कृष्णधवल असल्यामुळे खपून गेलं. 'झॉम्बी' हा शब्द सबंध सिनेमात कुणी उच्चारत नाही. पण हिशोब काय चोख! एक शेतघर, सात माणसं, एक तळघर. वाद एकच: वर राहून खिडक्यांना फळ्या ठोकायच्या की तळघरात उतरून दार लावून घ्यायचं? वर राहू म्हणणारा बेन धीराचा, कामसू. तळघर म्हणणारा हॅरी भांडकुदळ आणि भित्रा. आपण अर्थातच बेनच्या बाजूचे. आणि रात्रीच्या शेवटी बेन वाचतो तो तळघरात शिरून. सकाळी त्याला झॉम्बी समजून गोळी घालतात ती मदतीला आलेली माणसं. नावडत्या माणसाच्या तोंडी बरोबर उत्तर ठेवण्याची हिंमत आजच्या शंभरपट बजेटच्या सिनेमांत क्वचित दिसते.

आता तुझ्या सिनेमाकडे. (न पाहिलेल्यांनी इथून पुढे जपून वाचावं, शेवट सांगणार आहे.)

'ट्रेन टू बुसान'चे झॉम्बी कसे वागतात हे तुला आत्ताही तोंडपाठ असेल. त्यांना दार उघडता येत नाही. माणूस दिसला की धावतात, दिसेनासा झाला की थंडावतात. अंधारात त्यांना दिसत नाही, मग ते आवाजामागे जातात. हे आपल्याला कोण सांगतं? कुणी शास्त्रज्ञ येऊन भाषण देत नाही. काचेपलीकडे गर्दी आपटत असते, काचेवर ओले वर्तमानपत्राचे कागद चिकटवले जातात आणि पलीकडची गर्दी विझल्यासारखी होते. गाडी बोगद्यात शिरते, डबा काळोखात बुडतो, समोरचे गोंधळतात. बघता बघता नियम कळला, आणि पात्रांना जेव्हा कळला तेव्हाच आपल्यालाही कळला. लिहिताना हे एक बलस्थान म्हणून नोंदव: सिनेमा नियम कसा शिकवतो. पात्रांनी एकमेकांना समजावून सांगितला की समज, लेखकाला घाई होती.

पुढे त्या नियमांवर चढत्या अडचणी रचल्या आहेत. पहिल्या डब्यात तिघं हाताने आणि बेसबॉलच्या बॅटने मारत पुढे जातात. नंतर मारणं परवडत नाही, म्हणून बोगद्याची वाट बघतात, फोनची रिंग वाजवून झुंड एका बाजूला वळवतात, सामानाच्या फळीवरून सरपटत जातात. प्रत्येक डब्यात उत्तर वेगळं. अॅक्शनपटात मारामाऱ्या किती यापेक्षा कोडी किती हे मोजावं. कोडं एकच आणि हाणामाऱ्या दहा असतील तर प्रेक्षक चौथ्या वेळी मोबाइल काढतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

आता रडारडीचं. त्या मुलाला विचार, बुसानच्या तोंडाशी शेवटच्या बोगद्यात काय होतं ते नीट आठवतं का. लहान मुलगी आणि गरोदर बाई अंधारातून चालत येतात. पलीकडे बंदुका रोखलेले सैनिक. त्यांना अंधारात नीट दिसत नाही, येणारी माणसं आहेत की काय ते कळत नाही, आणि गोळी घालायचा हुकूम आलेला आहे. म्हणजे बोगद्यात झॉम्बींची जी गत होती तीच आता सैनिकांची. डोळे निकामी, फक्त कान. आणि मुलगी गाऊ लागते. तेच गाणं, जे शाळेच्या कार्यक्रमात तिने अर्ध्यात सोडलं होतं, कारण ज्याच्यासाठी म्हणायचं तो बाप आलाच नव्हता. सिनेमाच्या सुरुवातीला नावे टाकलेली रक्कम शेवटच्या पानावर व्याजासकट जमा होते, आणि तीही त्याच अंधार-आवाजाच्या नियमाने. ही रडारड असेल तर अशी रडारड मला रोज कापायला द्या.

बापाच्या मरणाबद्दल मात्र तुझ्या मित्राशी मी निम्मी सहमत आहे. चावल्यावर त्याला मुलीचा निरोप घ्यायला, गाडीचा ब्रेक कुठला ते समजावून द्यायला, बाळाला पहिल्यांदा हातात घेतल्याची आठवण काढायला आणि हसायलाही वेळ मिळतो. ती आठवण पांढऱ्या धुरकट उजेडात, वर संगीत. संकलनाच्या टेबलावर मी असते तर निम्मी केली असती. आणि प्रश्न फक्त गोडव्याचा नाही. याच सिनेमात स्टेशनवर किरकोळ पात्रं चावल्या-चावल्या उलटतात. चावल्यापासून उलटेपर्यंतचा वेळ हा झॉम्बीपटाचा सगळ्यात नाजूक आकडा असतो, आणि जवळपास प्रत्येक सिनेमा इथे भावाभावांत पंक्तिप्रपंच करतो. शिपायाला दोन सेकंद, नायकाच्या बायकोला चार मिनिटं आणि व्हायोलिन. 'वर्ल्ड वॉर झी' (२०१३) मध्ये हे फार नेटकं केलंय. सुरुवातीलाच एक चावलेला माणूस उलटेपर्यंत नायक बारा आकडे मोजतो. पुढे त्याच्या तोंडात रक्त उडतं तेव्हा तो गच्चीच्या कडेला जाऊन उभा राहतो आणि स्वतःशी मोजतो, उलटलोच तर खाली पडावं म्हणून. एक संवाद नाही, पण त्या माणसाबद्दल जेवढं कळायचं तेवढं कळतं. एका आकड्याने किती काम केलं बघ.

या प्रकारातली खरी अवघड गोष्ट अजून पुढेच आहे, आणि परीक्षणांत ती जवळजवळ कधीच येत नाही. झॉम्बी अॅक्शनपटाला दोन तलवारी एका म्यानात बसवायच्या असतात. अॅक्शनला कर्तबगार माणूस लागतो: त्याचा हात चालला पाहिजे, नेम लागला पाहिजे, शिट्ट्या पडल्या पाहिजेत. भीतीला लागतो हतबल माणूस. नायक जितका तयारीचा तितकी भीती पातळ. आमच्या सिनेमाच्या फाइट मास्टरने पहिल्याच दिवशी सेटवर विचारलं होतं, "मॅडम, आधी हे सांगा, आपला हीरो यांना मारू शकतो का नाही?" दिग्दर्शक म्हणाला, शकतो, पण अवघड जातं. मास्टर म्हणाले, "अवघड म्हणजे किती माणसांपर्यंत?" त्यांना तो आकडा कुणी दिला नाही. पडद्यावर दिसतंच ते. पहिल्या अर्ध्यात एका झॉम्बीने नायकाचा घाम काढलाय आणि क्लायमॅक्सला तो पाच जणांना नारळासारखे फोडत जातो.

'ट्रेन टू बुसान'ने यातून काढलेली वाट साधी आहे. गाडीत बंदुकाच नाहीत. एक धिप्पाड माणूस आहे, त्याच्या ठोशाला वजन आहे, पण ठोशाने झॉम्बी संपत नाही, फक्त मागे जातो. म्हणजे ताकद आहे आणि ती पुरत नाही. शिट्ट्याही पडतात आणि पोटात गोळाही राहतो. त्याच दिग्दर्शकाचा, येऑन सांग-होचा, चार वर्षांनी आलेला 'पेनिन्सुला' शेजारी ठेवून बघ. नायक माजी सैनिक, हातात बंदूक, बुडाखाली गाडी. रात्रीचे लांबलचक गाड्यांचे पाठलाग, त्यातले बरेचसे संगणकावर केलेले, आणि गाड्या रस्त्यावर टेकल्यासारख्या वाटतच नाहीत. झॉम्बी तिथे रस्त्यातल्या खड्ड्यांसारखे. खड्ड्याला कोण घाबरतं? (पुण्यात थोडं घाबरतात, ते सोड.) एकाच माणसाने, त्याच दुनियेत केलेले दोन सिनेमे. बजेट वाढलं, हत्यारं वाढली आणि भीती गेली. तुझ्या क्लबला दोन्ही पाठोपाठ दाखवायला सांग, चर्चा करावीच लागणार नाही.

संकलनाची बाजू मला जास्त दिसते, तेव्हा त्यावर थोडं रेंगाळते. मारामारीचा प्रसंग संपला की सिनेमा थांबव आणि कागदावर त्या जागेचा नकाशा काढ. दार कुठे होतं, खिडकी कुठे, कोण कुठल्या कोपऱ्यात, ते कुठून आले. काढता आला तर दिग्दर्शक आणि संकलक दोघांनी काम केलंय. नाही आला तर कुणीतरी काहीतरी लपवलंय. सेकंदाला २४ फ्रेम असतात. आठ-दहा फ्रेमचे तुकडे एकापुढे एक लावले की डोळ्याला फक्त 'काहीतरी चाललंय' एवढं कळतं. कधी तेच हवं असतं, कारण पात्रालाही काही कळत नसतं. पण बहुतेकदा त्यामागे गरिबी असते. आमच्याकडे चौदा ज्युनियर आर्टिस्ट होते. चौदा! सासवडजवळच्या एका पडक्या वाड्यात अकरा रात्री तेच चौदा जण शर्ट बदलून, तोंडाला राख फासून चाल करून येत होते. रुंद शॉट घेतला की गर्दी विरळ दिसायची, म्हणून कॅमेरा हलवला आणि मी तुकडे लहान केले. त्यामुळे घाईघाईचे कट दिसले की 'वेगवान संकलन' असं कौतुक लगेच करू नकोस. आधी विचार, रुंद शॉट का नाही?

गरिबीचं सोनंही करता येतं. २००२ चा 'ट्वेंटी एट डेज लेटर' मिनीडीव्ही या छोट्या व्हिडिओ टेपवर चित्रित केलेला आहे, आपल्याकडे लग्नांत चालायचे त्याच घराण्यातला कॅमेरा. चित्र खरखरीत, रंग मळके. पण कॅमेरे लहान आणि अनेक असल्यामुळे पहाटे थोडाच वेळ वाहतूक थांबवून ओस पडलेलं लंडन मिळवता आलं. त्या मळकट चित्राने सगळ्याला बातमीचा वास आला. तिथले लोक मेलेलेही नाहीत, रोगाने पिसाळलेले आहेत, आणि पळतात. 'चित्रीकरणाचा दर्जा कमी' असं कुणी त्याच्याबद्दल लिहिलं तर ते खरं असूनही चुकीचं आहे.

उलट टोक म्हणजे संगणकाची गर्दी. 'वर्ल्ड वॉर झी'तली जेरुसलेमची भिंत: मुंग्यांसारखे एकमेकांवर चढत हजारो झॉम्बी भिंत पार करतात. डोळे विस्फारतात, कबूल. पण मी घाबरले ते शेवटाकडे, वेल्समधल्या प्रयोगशाळेत, काचेपलीकडे एकटाच उभा राहून दात वाजवणाऱ्या झॉम्बीला. गंमत म्हणजे हा शेवट मुळात नव्हताच. रशियात घडणारी मोठी लढाई चित्रित झाली होती. ती बाजूला ठेवून शेवटचा भाग नव्याने लिहिला, नव्याने चित्रित केला. एवढा पैसा ओतलेली लढाई फेकून शांत कॉरिडॉर निवडायला काय लागलं असेल, ते टेबलावर बसणाऱ्यालाच कळतं. संगणकाची गर्दी तपासायची तर चेहरे बघू नकोस, पाय बघ. जमिनीला टेकतात का? एकावर एक पडताना खालचा दबतो का? वजन नसेल तर धोका नाही.

आवाजाबद्दल फार बोलत नाही. एक प्रसंग डोळे मिटून ऐक. आमची हाडं मंडईतल्या शेवग्याच्या शेंगांची होती आणि मांस ओल्या टॉवेलचं. चांगल्या सिनेमात डोळे मिटूनही कोण किती लांब आहे ते कळतं.

माणसांकडे येते. झॉम्बीला हेतू नसतो, म्हणून सिनेमाचा सगळा अर्थ दाराच्या अलीकडच्या माणसांतून निघतो: दार कोण लावतं, कुणाच्या तोंडावर लावतं. आपल्या शहराला हे वाचून कळलेलं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या हाताखाली गोरे सोजीर पुण्याच्या घराघरांत शिरून माणसं बाहेर काढत होते, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत त्याच्यावर गोळी झाडली गेली. प्लेगच्या आठवणीत रोग जेवढा आहे तेवढाच उंबरठा ओलांडणारा बूट आहे. २०२० मध्ये पेठांच्या तोंडाशी पत्रे ठोकले गेले, तेव्हा आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना फाटकातून आत घ्यायचं की नाही यावर जी मीटिंग झाली ती मी कुठल्याही सिनेमात पाहिलेली नाही. कुणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांकडे कारणं होती.

'ट्रेन टू बुसान'चा सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रसंगही असाच आहे. जिवावर उदार होऊन आलेल्यांना सुरक्षित डब्यातले लोक आत घेत नाहीत, आणि ते आत आलेच तर पुन्हा बाहेर काढतात. कोरियन प्रेक्षकाला त्यामागे आणखी काही ऐकू येतं. १६ एप्रिल २०१४ ला 'सेवोल' नावाची बोट बुडाली, ३०४ जण गेले, बहुतेक शाळकरी मुलं. आणि प्रवाशांना सांगितलं गेलं होतं की जागेवरच थांबा. सिनेमात टीव्हीवरून सरकार 'सारं काही आटोक्यात आहे' म्हणतं तेव्हा तिथल्या प्रेक्षागृहात काय झालं असेल याचा अंदाज कर. परदेशी सिनेमावर लिहिताना एवढा गृहपाठ करावा.

आणि इथेच त्याची मोठी उणीव आहे. लोकांना भडकावणारा तो सुटाबुटातला अधिकारी. स्वतः वाचावा म्हणून एकामागून एक माणूस झॉम्बींच्या तोंडी देतो आणि तरीही वाचत राहतो. त्याच्या तोंडी एकही रास्त वाक्य नाही. शेवटी उलटताना तो लहान मुलासारखा घाबरून घरी जायचं म्हणतो, तिथे लेखकाला त्याची दया आलेली दिसते, पण तोवर उशीर झालेला असतो. हॅरी आठव. हॅरीचं म्हणणं बरोबर होतं म्हणून तो बोचतो. या अधिकाऱ्याला आपण मनसोक्त शिव्या घालतो आणि दार लावणारी बाकीची माणसं, म्हणजे आपण, सहीसलामत सुटतो.

दुसरी उणीव: लढतात फक्त पुरुष. गरोदर बाई, मुलगी, म्हाताऱ्या बहिणी, शाळकरी पोरगी, सगळ्या वाचवण्यासाठी ठेवलेल्या. एक म्हातारी मात्र स्वतः निर्णय घेते आणि दार उघडते. काय भयानक निर्णय आहे तो! तोच मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला. तिसरी उणीव: ज्या कंपनीतून हे सगळं सुटलं तिच्याशी बापाच्या धंद्याचा संबंध होता, हे एका फोनवर उरकलंय. इतका मोठा आकडा वहीच्या कडेला लिहिल्यासारखा.

काय सोडून द्यायचं तेही सांगते. शास्त्र. आपल्याकडे पुण्यात विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय संस्था १९५२ पासून आहे, त्यामुळे 'असा विषाणू असूच शकत नाही' म्हणणारा एक तरी काका प्रत्येक खेळाला असतोच. नसतोच असा विषाणू. चावण्यातून पसरणारा रेबीज घेतला तरी लक्षणं दिसायला सहसा आठवडे, महिने लागतात. बारा सेकंद हा सिनेमाने ठरवलेला भाव आहे. भाव कितीही ठरवू दे, सगळ्यांना तोच लावला का एवढंच बघायचं. सेन्सॉरने कुठे कात्री लावली असेल तर घाव बसण्याच्या क्षणी ताल तुटतो, तो दोष दिग्दर्शकाच्या खाती टाकू नकोस.

विनोदी झॉम्बीपटाला ही वही जशीच्या तशी लावू नकोस. आदित्य सरपोतदारचा 'झोंबिवली' २०२२ मध्ये प्रजासत्ताक दिनाला आला. तिथे डोंबिवली आहे, टॉवर आणि वस्ती यांच्यातली दरी आहे, आणि विनोद नेमका कधी फुटतो हे आकड्यांहून मोलाचं आहे. हसणाऱ्या प्रेक्षकाला शिल्लक मोजायची नसते. आणि जपानचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) बघताना पहिली ३७ मिनिटं, जी एका सलग शॉटमध्ये आहेत, उणिवा लिहून काढ. ढीगभर सापडतील. मग वही मिटून पुढचा सिनेमा बघ. जास्त सांगत नाही.

लिहिताना विशेषण आलं की त्याच्यामागे प्रसंग उभा कर. 'अॅक्शन दमदार' खोड. त्याऐवजी लिही: 'डब्याडब्यातून पुढे जाताना प्रत्येक वेळी नवी अडचण येते, म्हणून तीच मारामारी पुन्हा बघतोय असं वाटत नाही.' 'खलनायक एकसुरी' खोड, आणि त्याने बरोबर बोलावं असा एखादा क्षण होता का, तो शोधून लिही. बलस्थानं वर आणि उणिवा खाली अशी वाटणीही करू नकोस. बोगद्यातलं गाणं आणि बापाची पांढरी आठवण एकाच हाताने लिहिलेली आहेत. एक जमलं, दुसरं ओघळलं, दोन्ही शेजारी ठेव. आणि कुणी 'टाइमपास' म्हटलं तर चिडू नकोस. दोन तास एखाद्याचा वेळ खरोखर घालवणं फार कठीण काम आहे, मी चोवीस वर्षं तेच करायला धडपडते आहे.

आमच्या जिन्याचं काय झालं ते राहिलंच. रश, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रण, पुन्हा चाळले तेव्हा परसदार मोडल्याचा दोन सेकंदांचा एक शॉट सापडला, निकामी म्हणून टाकलेला. तो जिन्याआधी लावला. आता वरचे अकरा मागच्या बाजूने आले असं वाटायला जागा झाली. आत्याला पुन्हा बोलावलं. तिने या वेळी खरंच पर्समधून कागद काढला. दिवे लागल्यावर म्हणाली, "जुळतंय आता. फक्त तो निळ्या शर्टातला दोनदा मेला."

बरोबर होतं तिचं. एकदा जिन्यात, एकदा माडीवर. माडीवरचा तो शॉट मी काढायला घेतला होता. पण त्यात त्याच्या खांद्यावरून नायिकेचा चेहरा दिसतो, आणि तसा चेहरा तिने अकरा रात्रींत दुसऱ्यांदा दिला नव्हता. आत्याला तसं सांगितलं. तिने कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "मग राहू दे." तो निळा शर्ट अजूनही दोनदा मरतो.